तुरीच्या तासांचं काय?

"दादा, तुह्या तिकडं सारे हेच सोयाबीन पेरतात, मंग आपल्याच वावरात काऊन नाही?" मृग जवळ आला की चुलतभावाचा हा प्रश्न ठरलेला. तणनाशक सोसणाऱ्या जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या, सोयाबीनच्या लागवडीला आपल्याकडे परवानगी नाही. पण 2021 मध्ये जीएम सोयाबीनची 12 लाख टन पेंड कोंबड्यांसाठी आयात करायला सरकारनेच मुभा दिली. त्याचा संताप मला समजतो. अमेरिकेचा दाखला तेवढा सहन होत नाही.

मी चौदा वर्षं मध्य इलिनॉयमध्ये राहतोय. ऑफिसला जाताना दोन्ही बाजूंना बीन्स नाहीतर कॉर्न. मुलीच्या सॉकर कोचचे वडील आणि भाऊ दोघंच अठराशे एकर करतात. निंदण, म्हणजे हाताने तण काढणं, काय असतं हे मला त्यांना नीट सांगताच आलं नाही. 1996 ला हे बियाणं आलं आणि ग्लायफोसेट या एकाच तणनाशकावर शेतं स्वच्छ झाली. पुढे वॉटरहेम्प नावाच्या तणाने तेच औषध पचवलं. मग डायकांबा हे दुसरं तणनाशक सोसणारं वाण आलं, तर 2017 मध्ये त्याचा फवारा उडून लाखो एकरांवरच्या साध्या सोयाबीनची पानं वाटीसारखी वळली. कोर्टाने 2020 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये त्या फवारणीची मान्यता रद्द केली. हे सांगितलं की भाऊ म्हणतो, "तवरक तं दिवस सुखानं काढले ना त्यायनं?" काढले. ते मी नाकारत नाही.

पण आपल्या वावरात सोयाबीनमध्ये तुरीचे तास, म्हणजे ओळी, असतात. सोयाबीन दसऱ्या-दिवाळीला निघतं, तूर संक्रांतीपर्यंत उभी असते. परतीच्या पावसात सोयाबीन काळं पडलं त्या वर्षी आमचं घर तुरीनेच धरलं होतं. वरून ग्लायफोसेट मारलं तर सोयाबीन वाचेल, तूर जळेल, आणि वारा असला तर धुऱ्या-बांधापलीकडची कपाशीही. इलिनॉयमध्ये हा प्रश्नच नाही, मग त्याचं उत्तर तिथून कसं येणार?

आणि बियाणं. आपण घरचंच सोयाबीन ठेवतो, गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण बघतो आणि पेरतो. तो हक्क 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला दिलाय. इथे इंडियानातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने एलिव्हेटरवरून, म्हणजे धान्याच्या कोठारातून, साधं धान्य म्हणून घेतलेलं सोयाबीन पेरलं, त्यातलंच पुढे ठेवलं, तर पेटंट मोडलं म्हणून हे जीएम बियाणं काढणाऱ्या मोन्सँटो कंपनीने त्याला कोर्टात खेचलं. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. चौऱ्याऐंशी हजार डॉलरचा भुर्दंड बसला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने किंवा इंदूरच्या सोयाबीन संस्थेने असं वाण काढावं, घरचं बियाणं ठेवू द्यावं, तुरीचं काय ते आधी सांगावं. मग माझा विरोध नाही.

'विषाचं बियाणं' म्हणून ओरडणाऱ्या पुण्याच्या मित्रांचाही मला तितकाच राग येतो. सोयाबीनवर तणनाशक आजही फवारलं जातंच. आठ-आठ दिवस झड लागते, काळ्या मातीत तण काढायचा डवरा चालत नाही, बाया मिळत नाहीत, आणि केन्याचं तण पिकाच्या वर जातं. हे त्यांनी कधी पाहिलेलं नाही.

मी पाहिलंय. आई डोक्यावर पोत्याची घोंगशी घेऊन निंदायची. आधी आमचं, मग दुसऱ्याचं, रोजानं. माझी इंजिनिअरिंगची फी त्यातून गेली. आज तिला मांडी घालून बसता येत नाही. ते बियाणं तेव्हा मिळालं असतं तर मी तुरीचा विचार केला असता का? नसता केला. पण मग तिचा रोजही बुडाला असता, आणि मी इथे नसतो.

आमचं पाच एकर आता भाऊच मक्त्यानं करतो. परवा त्याने फोनवर विचारलं, "यंदा तुरीचे तास ठेवू का नुसतं सोयाबीन टाकू? सातबारा तुह्या नावावर हाये, तूच सांग." मी म्हटलं, तुला योग्य वाटेल ते कर. फोन ठेवल्यावर आठवलं, त्या वावरात मी शेवटचा उतरलो तो बाबांच्या तेराव्यानंतर, गाडीतलेच बूट घालून, धुऱ्यापर्यंतच.