दुपारचं व्याख्यान : एक वस्तू, वीस मिनिटं

खानदेशातल्या संग्रहालयांनी आठवड्यातून एकदा, भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत आपल्या भागाच्या इतिहासावर व्याख्यान ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. संध्याकाळच्या व्याख्यानमाला आहेतच. पण साक्री-शिरपूरहून कोर्टाच्या तारखेला, बाजाराला धुळ्यात आलेला माणूस तोवर एसटीने घरी पोचलेला असतो. कचेरीतल्या बाईला घरी जाऊन स्वयंपाकाला लागायचं असतं. दुपारी मात्र ही सगळी माणसं गावातच असतात.

सरकारी कचेरीत १ ते २ च्या दरम्यान जेवायला अर्धाच तास मिळतो. त्यामुळे व्याख्यान वीस मिनिटांचं, आणि सुरुवात १ वाजून ३५ मिनिटांनी म्हणजे १ वाजून ३५ मिनिटांनीच. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक काहीही नको. वक्त्याची ओळख दारावरच्या कागदावर लिहून लावा. उशीर झाला की ऐकणारा पुढच्या वेळी येत नाही, त्याला साहेबांना तोंड द्यायचं असतं.

वीस मिनिटांत सावकाश बोलून जेमतेम दोन हजार शब्द होतात. जाणकार वक्ता नेमका इथेच फसतो. विषय घेतो ‘फारुकी राजवट’, म्हणजे खानदेशच्या सुलतानांची, १३८२ ते १६०१. पहिल्या राजधानीहून, थाळनेरहून निघतो आणि वेळ संपते तेव्हा राजवट जिथे संपली त्या अशीरगडाच्या पायथ्याशीही पोचलेला नसतो. म्हणून विषय राजवट नको, वस्तू हवी. एकच.

चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख घ्या. शके ११२८ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला निकुंभ घराण्यातल्या राजा सोइदेवाने दान दिलं, ही त्यातली हकिगत. बहुतेक लेख संस्कृतात आहे, पण शेवटी दानाचा तपशील येतो तो मराठीत. ‘इयां पाटणीं जें केणें उघटे’, म्हणजे या पाटणात जो विक्रीचा माल उघडला जाईल, त्यावरचा राजाचा हक्क ‘मढा दीन्हला’, मठाला दिला. हा ‘दीन्हला’ मोठ्याने वाचा आणि दोन क्षण थांबा. अहिराणी बोलणाऱ्याच्या कानाला तो परका लागत नाही, घरात रोज ‘दिन्हा’ म्हणतातच. आठशे वर्षं समजावून सांगायला याहून चांगला शब्द सापडणार नाही. प्रश्नही अहिराणीत येऊ द्या. ‘हाई कथाईन उनं?’, म्हणजे हे कुठून आलं, हा इतिहासाचा पहिला आणि रास्त प्रश्न आहे.

शिळा आणता येत नाही, ठसा आणता येतो. ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून बसवतात, वरून शाईची गादी फिरवतात. खोदलेली अक्षरं पांढरी राहतात, भोवताल काळा होतो. हा ठसा उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर लावा. पडद्यावरचं चित्र दुपारच्या उजेडात फिकं पडतं, आणि खिडक्या लावून घेतल्या तर उकाड्याने माणसं उठून जातात.

डबा व्हरांड्यातच खायचा, दालनात नाही. यावर तडजोड नको. सांडलेल्या भाकरीच्या चुऱ्यावर झुरळं येतात आणि ती कागदांकडे वळतात. शेवभाजीच्या तर्रीचं बोट मोडी कागदाला लागलं तर तो डाग कायमचा. व्हरांड्यात पाणी, साबण आणि कोरडा पंचा ठेवा. मूळ कागद तरीही पेटीतच राहू द्या, हाताळायला छायाप्रत द्या.

आणि बोललेलं लिहून ठेवा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेचा एक अध्याय घेतला. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजी ते लिहून घेत होते म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतात. ठरलेला वार, एका वेळी एकच भाग आणि लिहिणारा माणूस, हे तिन्ही त्यात आहे. मोबाईलवरचं ध्वनिमुद्रण त्याच दिवशी संग्रहालयाच्या संगणकावर उतरवा आणि नावात तारीख व वस्तूचा नोंदणी क्रमांक घाला. नुसतं ‘व्याख्यान ३’ लिहिलेलं वर्षाने कुणालाच ओळखू येत नाही.

एप्रिल-मे सोडून द्या, त्या उन्हात दुपारी एकला कुणी रस्ता ओलांडत नाही. जुलैत सुरू करा आणि फेब्रुवारीअखेर थांबा. पोळ्याच्या आणि कानबाईच्या उत्सवाच्या आठवड्यात सुट्टी ठेवा.