‘कॅनडाच्या राक्षसी लांडग्यांनी एल्क संपवले’ : कुटुंबाच्या गटावर आलेल्या एका संदेशाला उत्तर

माझा मावसभाऊ अमेरिकेतील आयडाहो राज्यात, बॉयझी शहरात नोकरी करतो. त्याच्या कार्यालयातील काही जण दर वर्षी एल्कच्या शिकारीला जातात. त्यांच्याकडून आलेला एक लांबलचक मजकूर त्याने मराठीत उतरवून आमच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला आणि दोन दिवसांत तो इतर तीन गटांतून फिरून पुन्हा माझ्याकडेच आला. मावशी येत्या उन्हाळ्यात त्याच्याकडे जाणार असून, मुख्यतः शेजारच्या वायोमिंग राज्यात आणि थोडेसे मोंटाना व आयडाहोत पसरलेले यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान पाहण्याचा बेत ठरलेला आहे. आता तिचा प्रश्न असा की, तेथे गाडीतून खाली उतरावे की नाही. वयाच्या सत्तरीत पहिल्यांदा परदेशी निघालेल्या बाईला असे घाबरवण्याची काहीच गरज नव्हती, म्हणून हे सविस्तर उत्तर.

मजकुरातील विधाने थोडक्यात अशी : सरकारने १९९५ मध्ये कॅनडातून शंभर किलो वजनाचे परक्या जातीचे लांडगे आणून सोडले, त्यांनी एल्क संपवले, ते भुकेसाठी नव्हे, तर मौजेसाठी मारतात, त्यांनी रोग आणले आणि आता ते माणसांवर येतात, आणि शिकाऱ्याने लांडग्याला हात लावला, तर तो थेट तुरुंगात जातो. ज्यांनी एल्क पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो की, हे सांबराच्या कुळातील, पण सांबराहूनही थोराड असे हरीण आहे आणि त्या राज्यांतील अनेक घरांत वर्षभराचे मांस एका एल्कमधून निघते. त्यामुळे शिकाऱ्यांची काळजी मला हास्यास्पद वाटत नाही. हास्यास्पद आहे तो हा मजकूर.

राक्षसी लांडग्यापासून सुरुवात करू. यलोस्टोनमधील पूर्ण वाढलेला नर साधारण ४५ ते ६० किलोंचा आणि मादी ३६ ते ५० किलोंची असते. तेथे आजवर मोजलेला सर्वांत जड लांडगाही ६७ किलोंच्या आसपास होता. शंभर किलोचा लांडगा कोणी तराजूत घातलेला नाही. तो सांगोवांगी वाढत गेलेला आहे. ‘परक्या जातीचे’ हा आरोप तर त्याहून विचित्र आहे. १९९५ मध्ये आल्बर्टा प्रांतातून १४ आणि १९९६ मध्ये ब्रिटिश कोलंबियातून १७ लांडगे यलोस्टोनमध्ये आणले गेले, आणि त्याच दोन वर्षांत आयडाहोत ३५ सोडले गेले, हे खरे आहे. पण त्याआधीच, १९८० च्या दशकात, कॅनडातून स्वतःच्या पायांनी आलेले लांडगे मोंटानातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात स्थिरावले होते आणि १९८६ मध्ये तेथे त्यांनी पिल्लेही घातली होती. १९९१ मध्ये आल्बर्टात ‘प्लुई’ नावाच्या एका मादीच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा बसवला गेला, आणि पुढील काळात ती दोन कॅनेडियन प्रांत व मोंटाना, आयडाहो, वॉशिंग्टन ही तीन राज्ये फिरल्याचे दिसले. ज्या प्राण्याला एका आयुष्यात एवढा मुलूख लागतो, त्याची नकाशावर पट्टीने आखलेल्या सरहद्दीच्या अल्याड एक आणि पल्याड दुसरी अशी वेगळी जात कशी टिकून राहील, हे मजकूर लिहिणाऱ्याने सांगायला हवे होते. यलोस्टोनमधील मूळचे लांडगे १९२६ पर्यंत बंदुका, सापळे आणि विष वापरून संपवले गेले होते. ते संपवण्यात सरकारी नोकरच पुढे होते.

आता मुख्य मुद्दा, कारण सगळा राग त्यातूनच येतो. उत्तर यलोस्टोनच्या कळपात १९९४ मध्ये सुमारे १९,००० एल्क मोजले गेले आणि २०१३ मध्ये ४,००० च्याही खाली. मजकुरात हे आकडे दिले आहेत आणि ते बरोबर आहेत. पण त्याच उद्यानात १९६८ मध्येही मोजणी ४,००० च्या खाली होती, आणि त्या वेळी तेथे लांडग्यांची एकही टोळी नव्हती! एल्क फार झाले आणि कुरणे उजाड होऊ लागली म्हणून उद्यानाचे रक्षकच त्यांना गोळ्या घालत होते किंवा पकडून बाहेर पाठवत होते. लोकक्षोभानंतर ती मोहीम थांबली, शिकारी प्राण्यांचा मोठा धाक उरला नव्हता, आणि पुढील पंचवीस वर्षांत कळप फुगत १९,००० वर गेला. त्या फुगलेल्या आकड्याला ‘पूर्वीची स्थिती’ समजून पुढचा सगळा हिशेब मांडायचा, ही या मजकुराची खरी लबाडी आहे.

घट मात्र झाली, आणि ती मोठी होती. मग ती कोणी केली? ग्रेगरी राइट आणि सहकाऱ्यांचा २००६ मधील एक अभ्यास ‘जर्नल ऑफ वाइल्डलाइफ मॅनेजमेंट’मध्ये प्रसिद्ध झाला आहे, आणि त्याच्या लेखकांत मोंटानाच्या वन्यजीव खात्याचा, म्हणजे शिकारीचे परवाने देणाऱ्या खात्याचाच, एक जीवशास्त्रज्ञ आहे. उद्यानातून थंडीत खाली उतरणाऱ्या एल्कसाठी उद्यानाच्या उत्तर हद्दीवरील गार्डिनर गावाजवळ हंगाम संपल्यावरही खास शिकार ठेवली जात असे, आणि ती मुख्यतः माद्यांची असे. या अभ्यासात शिकाऱ्यांनी मारलेल्या प्रौढ माद्यांचे सरासरी वय साडेसहा वर्षे निघाले आणि लांडग्यांनी मारलेल्यांचे जवळपास चौदा. साडेसहा वर्षांची मादी ऐन विण्याच्या वयात असते, तर चौदा वर्षांची मादी कळपाला आता फारशी पाडसे देणार नसते. लांडगे पाडसे जास्त उचलतात, हेही त्याच अभ्यासात स्पष्ट लिहिलेले आहे आणि ते मी लपवत नाही. तरीही कळपाच्या पुढील वाढीला माणसाच्या बंदुकीचा फटका अधिक बसला, असा निष्कर्ष त्यातून निघतो. त्यात १९९६-९७ चा हिवाळा अतिशय कडक गेला आणि त्यानंतर दुष्काळाची वर्षे आली. माद्यांचे परवाने पुढे कमी करत अखेर ती खास शिकारच बंद करावी लागली. मजकुरात या शिकारीचा उल्लेखही नाही.

अस्वलांचाही नाही. २००३ ते २००५ या काळात याच भागात १५१ नवजात पाडसांना खुणेचे ट्रान्समीटर लावून त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. पहिल्या महिन्यात दगावलेल्या पाडसांपैकी सुमारे ६० टक्के अस्वलांनी मारली होती. लांडग्यांचा वाटा १५ टक्क्यांच्या आसपास होता. अस्वले पाडसांकडे अधिक वळली, यामागेही माणसाचा हात असावा असे काही संशोधक मानतात, कारण यलोस्टोनच्या तलावात कोणी तरी सोडलेल्या परक्या लेक ट्राउट माशांनी तेथील मूळच्या कटथ्रोट ट्राउटचा फडशा पाडला, आणि वसंतात ओढ्यांत चढणारे ते मासे हे अस्वलांचे हक्काचे खाणे होते. परक्या जातीने केलेल्या नासाडीची गोष्टच हवी असेल, तर ती ही आहे.

‘एल्क संपले’ हे विधान उद्यानाबाहेर तर मुळीच टिकत नाही. मोंटानात अलीकडच्या वर्षांत एल्कची संख्या सव्वा लाखाच्या पुढे असून कित्येक विभागांत ती ठरवलेल्या मर्यादेहून जास्त आहे. खासगी कुरणे आणि गवताच्या गंजी खातात म्हणून राज्याने २०१६ पासून नेहमीच्या हंगामाच्या आधी व नंतरही माद्यांच्या शिकारीला मुभा दिली.

एका ठिकाणी मात्र माझ्या भावाच्या मित्रांचे म्हणणे मान्य करावे लागते, आणि ते त्यांच्याच राज्यातले आहे. आयडाहोच्या लोलो विभागात १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे १६,००० एल्क होते. दोन दशकांनंतर ते दोन हजारांच्या आसपास आले. तेथील ऱ्हास लांडग्यांच्या आधीच सुरू झाला होता, कारण १९१० च्या प्रचंड वणव्यानंतर माजलेली झुडपे आणि गवत हळूहळू दाट जंगलाखाली गेले, आणि वर उल्लेखलेल्या हिवाळ्याने राहिलेले काम केले. पण कळप एकदा खाली गेल्यावर तो वर येऊ न देण्यात लांडग्यांचा वाटा मोठा आहे, असे राज्याच्या खात्याची निरीक्षणे सांगतात, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. यलोस्टोनमध्ये लांडगे आले, एल्क कमी झाले, काठची झाडी वाढली आणि नद्यांचे प्रवाहही बदलले, अशी गोड चित्रफीत पाठवणाऱ्यांनाही हे ऐकवले पाहिजे. तिच्यातला दावा वीस वर्षांच्या प्रयोगांवरून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांपुढे बराच फिका पडला आहे.

मौजेसाठी मारण्याचा मुद्दा फार वेळ घेण्याजोगा नाही. मार्च २०१६ मध्ये वायोमिंगमधील बॉन्ड्युरंटजवळ एका रात्रीत १९ एल्क मारले गेले, हे खरे आहे. पण ती जागा माणसांनी हिवाळाभर चारा टाकून एल्क गोळा करण्याची होती, आणि मेलेल्यांत बहुतेक पाडसे होती. एरवी लांडग्यांचे पाचांपैकी चार हल्ले फसतात आणि एल्कच्या लाथेने बरगड्या मोडून घेतलेले लांडगे नेहमी सापडतात.

रोगाच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे. आयडाहो आणि मोंटानातील मेलेल्या लांडग्यांच्या तपासणीत निम्म्याहून अधिकांच्या आतड्यांत एकायनोकोकस नावाचा फीतकृमी आढळला होता. मात्र मेंढ्या आणि कुत्रे यांच्यामार्फत हा कृमी अमेरिकेच्या पश्चिम भागात आधीपासून होता, आणि लांडग्याची विष्ठा हाताळू नये, कातडे सोलताना हातमोजे घालावेत, एवढी दक्षता शिकाऱ्याला पुरते. माणसांवरील हल्ल्यांबाबत नॉर्वेच्या निसर्ग संशोधन संस्थेने २००२ ते २०२० या काळाची जगभरची नोंद तपासली आहे. तीत संपूर्ण उत्तर अमेरिकेत दोन मृत्यू आहेत, एक सस्कॅचवानमध्ये आणि एक अलास्कात. यलोस्टोनमध्ये एकही नाही. उत्तर प्रदेशातील बहराइचमध्ये २०२४ साली लहान मुलांचे बळी गेले, त्यामुळे आपल्याकडे लांडग्याची भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण उघड्यावर झोपलेली मुले आणि आसपास रानातील सावज जवळजवळ नाही, ही तेथील परिस्थिती यलोस्टोनमध्ये नाही. मावशीने सांभाळायचे ते गव्यासारख्या दिसणाऱ्या बायसनपासून, कारण फोटोसाठी जवळ जाणाऱ्या पर्यटकांना तेथे सर्वाधिक जखमी तोच करतो. त्याच्यापासून किमान पंचवीस यार्ड आणि अस्वल-लांडग्यांपासून शंभर यार्ड दूर राहावे, हा उद्यानाचा नियम आहे.

राहिला तुरुंग. मोंटाना, आयडाहो आणि वायोमिंग या तीन राज्यांत मिळून किमान तीस प्रजननक्षम जोड्या आणि तीनशे लांडगे सलग तीन वर्षे टिकावेत, हे उद्दिष्ट २००२ मध्येच पूर्ण झाले होते आणि त्यानंतरही लांडग्याला संकटग्रस्त प्राणी म्हणून असलेले कायद्याचे संरक्षण काढण्याचा प्रश्न कित्येक वर्षे न्यायालयांत रखडला. शिकाऱ्यांची ही तक्रार रास्त होती. पण २०११ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून मोंटाना आणि आयडाहोतील संरक्षण काढले, आणि तेव्हापासून तेथे लांडग्याची शिकार परवान्यावर कायदेशीर आहे. २०२१ मध्ये आयडाहोने एका शिकाऱ्याने किती लांडगे मारावेत यावरची मर्यादाच उठवली, आणि मोंटानाने खासगी जमिनीवर आमिष टाकून व रात्रीही शिकार करण्यास मुभा दिली. त्याच हिवाळ्यात यलोस्टोनच्या टोळ्यांतील पंचवीस लांडगे उद्यानाची हद्द ओलांडताच मारले गेले. वायोमिंगच्या बहुतेक भूभागावर तर आज लांडगा मारायला परवानादेखील लागत नाही.