कसाणा म्हणजे कुषाण?

गुर्जरांच्या, म्हणजे आजच्या गुजर समाजाच्या, मुळाविषयीचा एक लेख वाचताना ‘गुर्जर हूणांबरोबर मध्य आशियातून आले, हे आता सिद्ध झाले आहे’ या वाक्याला अडखळलो. सिद्ध कधी झालं? ब्रिटिश काळातले पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम त्यांना मध्य आशियातून आलेल्या कुषाणांशी जोडतात, त्याच काळातले कॅम्पबेल खजर या तुर्की टोळ्यांशी, तर गुजराती लेखक कन्हैयालाल मुनशींच्या मते ‘गुर्जर’ हे मुळात प्रदेशाचं नाव. गुर्जरांमधल्या कसाणा गोत्रावरून कुषाण काढायचे, तर तो नुसता उच्चारांचा खेळ झाला. हूण नावाचं गोत्र आहे खरं, पण एका गोत्रावरून अख्ख्या समाजाचं मूळ कसं ठरवणार? इ.स. ६३४ च्या ऐहोळे (कर्नाटक) शिलालेखात चालुक्य राजा पुलकेशीपुढे नमलेल्या लाट (दक्षिण गुजरात) आणि मालव यांच्या जोडीला गुर्जर आहेत. तिथे ते परके म्हणून येत नाहीत. राजस्थानातल्या राजोरच्या दहाव्या शतकातल्या शिलालेखात तर प्रतिहार राजाला गुर्जर म्हटलंय आणि शेतं कसणारेही गुर्जरच! राजा आणि कुळवाडी दोघांनाही एकच नाव, यावर मी वाचलेल्या त्या लेखात अक्षर नाही.

आम्ही खानदेशातले रेवे गुजर. आजीला विचारलं की ती म्हणायची, ‘आपण रेवामाईच्या काठचे.’ रेवा म्हणजे नर्मदा. हाही पुरावा नव्हेच म्हणा, पण मध्य आशियाचं नाव आमच्या घरात पहिल्यांदा आलं ते व्हॉट्सअ‍ॅपवरून.