डेटा खुला असला तरी बेवारस नसतो

पीएचडी करणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. नव्या विद्यार्थ्याला कोणी ना कोणी सीनियर तो ऐकवतोच: "नेटवर आलेला डेटा सगळ्यांचा. नावं काढलेली असली की परवानगीची भानगड नाही. खाली संदर्भ दिला की विषय संपला. आणि स्वतः संमतीपत्रावर सही घेऊन गोळा केलेला डेटा तर हवा तितक्यांदा, हवा तिथे वापरा."

दुसऱ्याचा डेटा वापरायला माझा विरोध नाही. तो वापरलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. पण हा सल्ला चारही ठिकाणी चुकतो, आणि त्याची किंमत सल्ला देणारा कधीच मोजत नाही.

'नेटवर आला म्हणजे सगळ्यांचा.' मे २०१६ मध्ये डेन्मार्कमधल्या काही संशोधकांनी ओकेक्युपिड या डेटिंग संकेतस्थळावरच्या सुमारे ७०,००० लोकांची माहिती गोळा केली आणि खुल्या भांडारात टाकली. त्यात वापरकर्ता-नावं, वय, लैंगिक आवडीनिवडी, अगदी खासगी प्रश्नांची उत्तरं असं सगळं होतं. आक्षेप आल्यावर उत्तर मिळालं की हे आधीच सार्वजनिक आहे. आपल्याकडे बघायला आलेल्या मंडळींना मुलगी आपला पगार सांगते. तोच आकडा कोणी गावभर दवंडी पिटून सांगितला, तर "तिनेच तर सांगितला होता" हे उत्तर चालेल का? माहिती कोणासमोर आणि कशासाठी उघड केली, याला अर्थ असतो.

'नावं काढली की झालं.' याचा निकाल १९९७ च्या सुमारासच लागला. मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयभेटींची आकडेवारी नावं काढून संशोधकांना दिली होती. लतान्या स्वीनी तेव्हा विद्यार्थिनी होती. तिने २० डॉलरला केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली आणि दोन्ही याद्या जुळवल्या. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले सहा जण निघाले, त्यात पुरुष तीन, आणि त्यांच्या पिनकोडात एकच. गव्हर्नरांची आजारपणाची नोंद सापडली.

ही शहरातली गोष्ट. खेड्यात मतदारयादीचीही गरज नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न सगळ्यांना ठाऊक आहे. समजा, अशा एखाद्या सर्वेक्षणाच्या तक्त्यात एक ओळ आहे: वाडीचं नाव, वय ३१, तीन मुली, पिशवी काढलेली, दोन लाख उचल (मजुरीची आगाऊ रक्कम). नाव कुठेच नाही. पण वाडीतल्या किराणा दुकानदाराला ती कोण हे लगेच कळेल. मजूर नेणाऱ्या मुकादमालाही कळेल, आणि तिच्या नवऱ्याची पुढची उचल त्याच्याच हातात असते. घरात शिरून, चहा पिऊन आपण तिच्याकडून हे काढून घेतलं, तेव्हा "नाव येणार नाही" एवढंच सांगितलं होतं. तिने त्याचा अर्थ "कोणाला कळणार नाही" असा घेतला. बरोबरच घेतला.

संदर्भाचं थोडक्यात. संदर्भ दिलाच पाहिजे, डेटा गोळा करणाऱ्याच्या घामाचं श्रेय त्यातूनच मिळतं. पण ते श्रेय संशोधकाला पोचतं, त्या बाईला नाही. खुल्या परवान्याचंही तसंच. क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे इतरांना साहित्य वापरू देणारा परवाना, कॉपीराइटबद्दल बोलतो, उत्तर देणाऱ्याच्या संमतीबद्दल नाही.

आता 'स्वतःचा डेटा हवा तितक्यांदा'. शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांवर दिल्या जाणाऱ्या ऑनडान्सेट्रॉन या औषधाच्या चाचण्या काही संशोधकांनी १९९७ मध्ये तपासल्या. तेच रुग्ण नव्या निबंधात नवे म्हणून आलेले, जुन्याचा उल्लेख नाही. रुग्णांच्या आकडेवारीपैकी २८ टक्के दुबार निघाली आणि तिच्यामुळे औषधाचा गुण २३ टक्क्यांनी फुगलेला दिसत होता. एका डेटातून दोन निबंध लिहिणं गुन्हा नाही, पण दुसऱ्यात पहिल्याचा उल्लेख न करणं ही फसवणूक आहे.

आणि सही? अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या एका खोल घळईत हावासुपाई जमात राहते. त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण फार. १९९० पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी मधुमेहाचं कारण शोधायचं म्हणून तिथल्या लोकांचं रक्त घेतलं. संमतीपत्रावर मात्र शब्द मोघम होते: वर्तनविषयक आणि वैद्यकीय विकारांची कारणं. पुढे तेच रक्त स्किझोफ्रेनियासाठी, आपसातल्या विवाहांच्या अभ्यासासाठी आणि जमातीचे पूर्वज कुठून आले हे शोधण्यासाठी वापरलं गेलं. आपला उगम याच घळईत झाला, अशी त्यांची श्रद्धा आहे. २००३ मध्ये कार्लेटा टिलुसी ही त्यांच्यातलीच एक तरुणी विद्यापीठात एका पीएचडीच्या सादरीकरणाला बसली होती. समोर तिच्याच लोकांच्या रक्तावरचे निष्कर्ष चालले होते. ती उठली आणि तिने विचारलं, यासाठी परवानगी घेतली होती का? खटला झाला. २०१० मध्ये विद्यापीठाने ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं. सही तर तिथेही होती.

"एवढं बघत बसलो तर संशोधनच थांबेल," असं यावर हमखास म्हटलं जातं. डेटा कुलपात ठेवा, असं मी म्हणत नाही. मे २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ९६,०३२ कोविड रुग्णांवरचा निबंध छापला. मूळ डेटा सर्जिस्फिअर या कंपनीकडे होता आणि तिने तो स्वतंत्र तपासणीला दिला नाही. दोन आठवड्यांत निबंध मागे घ्यावा लागला. कुलूप म्हणजे नैतिकता नव्हे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत साठवलेल्या नमुन्यांसाठी आणि डेटासंचांसाठी वेगळा विभाग आहे. संमती पुन्हा घ्यायची की तिच्यातून सूट द्यायची, हे नैतिकता समितीने ठरवायचं. ते ठरवणं सीनियरचं काम नाही, आपलंही नाही.

संमतीपत्रात एक जादा प्रश्न घालता येतो: "ही माहिती पुढे दुसऱ्या अभ्यासासाठी वापरली तर चालेल का?" त्यापुढे हो आणि नाही असे दोन चौकोन. सर्वेक्षणात तो वाचून दाखवायला अर्धं मिनिट लागतं, आणि काही जण 'नाही'वर खूण करतात. त्या ओळी पुढच्या फाइलमधून काढून टाकायच्या.