‘कॅप्सूल घ्या आणि गहू खा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या ग्लुटेनबद्दल, म्हणजे गहू, जव आणि राय या धान्यांतल्या प्रथिनाबद्दल, एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘ग्लुटेन सोसत नसेल तरी गहू सोडायची गरज नाही. जेवणाआधी प्रोबायोटिकची एक कॅप्सूल घ्या, तिच्यातले चांगले जंतू ग्लुटेन पचवतात. तीन महिन्यांत त्रास मुळापासून जातो. तपासण्या करत बसू नका, पोट शांत झालं की आतडं बरं झालं समजा. जितके अब्ज जंतू जास्त, तितका गुण जास्त. सगळं नैसर्गिक, त्यामुळे अपाय शून्य.’ माझ्या नात्यातल्या एका मुलीला सीलिअॅक या आजाराचं निदान झालं आहे. तिलाही हा मेसेज मिळाला, आणि पाठवणाऱ्याने तो काळजीपोटीच पाठवला होता. काळजीपोटी पाठवलेलं माणूस खरं मानतं, म्हणून याचं उत्तर द्यायलाच हवं.

मुळात ‘ग्लुटेन सोसत नाही’ या तीन शब्दांत तीन वेगळी दुखणी येतात. सीलिअॅकमध्ये ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. गव्हाच्या अॅलर्जीत अंगावर पित्त उठतं, कधी श्वास कोंडतो. तिसऱ्या गटात पोट फुगतं, दुखतं, पण या दोन्हींच्या तपासण्या निर्दोष येतात. मेसेजने तिघांच्या हातात एकच कॅप्सूल ठेवली आहे.

आता सगळ्यात घातक वाक्य: ‘जंतू ग्लुटेन पचवतात, म्हणून गहू खा.’

ग्लुटेनच्या साखळीत प्रोलीन आणि ग्लुटामीन ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या कड्या, ठासून भरलेली असतात. प्रोलीनपाशी साखळी तोडणं आपल्या पाचकरसांना नीट जमत नाही, त्यामुळे मोठाले तुकडे तसेच उरतात. त्यातला 33 अमिनो आम्लांचा एक तुकडा 2002 मध्ये शास्त्रज्ञांनी वेगळा करून दाखवला. जठर, स्वादुपिंड आणि आतडं या तिन्हींच्या पाचकरसांना तो पुरून उरतो. असे तुकडे आतड्याच्या अस्तरात शिरतात, तिथलं ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं एन्झाइम त्यांत थोडा बदल करतं, आणि ज्यांच्याकडे डीक्यू2 किंवा डीक्यू8 ही जनुकं असतात त्यांच्यापैकी काहींच्या पेशी त्यांना शत्रू समजून हल्ला चढवतात. त्यात आतड्याचे अन्न शोषणारे बारीक उंचवटे, म्हणजे व्हिलाय, झिजून सपाट होतात.

मेसेजमध्ये अर्धसत्य आहे, ते मान्य करतो. काही लॅक्टोबॅसिलस जंतू ग्लुटेनचे तुकडे तोडू शकतात, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण ते कसं दिसलं तेही पाहा. निवडक जंतू, बरोबर बुरशीपासून काढलेली एन्झाइम्स, पातळ भिजवलेलं पीठ, ठरलेलं तापमान आणि कितीतरी तासांचं आंबवणं. पोटात यातलं काहीच नसतं. कॅप्सूलमधले जंतू सुकवलेले, निद्रिस्त असतात. ते जठरातल्या आम्लातून वाचून, जागे होऊन कामाला लागेपर्यंत घास पुढे सरकलेला असतो. सीलिअॅकची इजा सर्वात जास्त होते ती जठराला लागून असलेल्या ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीला, जठरातून अन्न जिथे सर्वात आधी पोहोचतं तिथेच. जंतूंची खरी दाट वस्ती असते पार खाली, मोठ्या आतड्यात. शिवाय तोडलं म्हणजे निरुपद्रवी केलं, असंही नाही. काही जंतू ग्लुटेन अशा जागी तोडतात की ते तुकडे अस्तरातून आणखी सहज आत शिरतात.

हिशोबच करून पाहू. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण 2 ग्रॅम, म्हणजे 2000 मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. 2007 मध्ये इटलीतल्या कातासी आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बायोप्सीने, म्हणजे आतड्याचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीने, निदान झालेल्या आणि किमान दोन वर्षं ग्लुटेन सोडलेल्या 49 प्रौढांना त्यांनी गटागटांत रोज 0, 10 किंवा 50 मिलिग्रॅम ग्लुटेन 90 दिवस दिलं. कोणाला काय मिळतंय हे ना रुग्णांना माहीत होतं, ना तपासणाऱ्यांना. रोजच्या 50 मिलिग्रॅमने व्हिलायची झीज दिसली. 10 मिलिग्रॅम घेणाऱ्या एकाला तर त्रास पुन्हा उफाळून आला. आता स्लाइसकडे या. 2000 चे 50 करायचे तर कॅप्सूलने वाटेतच 97.5 टक्के ग्लुटेन संपवायला हवं. आणि एवढं करूनही आपण पोहोचतो कुठे, तर इजा करणाऱ्या मात्रेवर! हा एका स्लाइसचा हिशोब झाला, जेवणाचा नाही. खास ग्लुटेन तोडण्यासाठीच बनवलेलं लॅटिग्लुटेनेज हे एन्झाइम 494 रुग्णांवर तपासलं गेलं. ग्लुटेन सोडूनही ज्यांचा त्रास चालू होता असे ते रुग्ण होते. तिथेसुद्धा व्हिलाय सुधारण्यात ते औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही.

‘पोट शांत झालं की आतडं बरं झालं.’ हे वाक्य पहिल्याच्या जोडीचं आहे, आणि एका अर्थाने जास्त फसवं, कारण पोट खरंच शांत होऊ शकतं. अर्जेंटिनात 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात, अजून ग्लुटेन न सोडलेल्या 22 सीलिअॅक रुग्णांपैकी काहींना तीन आठवडे बिफिडोबॅक्टेरियमचा एक प्रकार दिला. अपचन आणि बद्धकोष्ठता कमी झाली. आतड्याच्या अस्तराची गळती मात्र होती तशीच राहिली. म्हणजे तक्रार थांबली, इजा चालूच. अशा माणसाला महिनोन्‌महिने वाटत राहतं की गहू सोसतोय, आणि दरम्यान लोह शोषलं जात नाही, हाडं ठिसूळ होत जातात, क्वचित आतड्याच्या लिम्फोमाचा, म्हणजे एका कर्करोगाचा, धोकाही वाढतो. आतडं भरून येतंय की नाही हे पोट सांगत नाही. सीलिअॅकमध्ये शरीर त्या ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्धच अँटिबॉडी बनवतं, तिला टीटीजी म्हणतात. ती उतरतेय का हे रक्त सांगतं, आणि तिला उतरायला अनेक महिने लागतात. तेही ग्लुटेन पूर्ण सोडल्यावर.

‘तीन महिन्यांत मुळापासून बरा’ यावर फार लिहायला नको. सीलिअॅकवर आज एकच उपचार सिद्ध आहे: गहू, जव आणि राय आयुष्यभर पूर्ण बंद.

मग प्रोबायोटिकला काहीच जागा नाही का? थोडी आहे. ग्लुटेन काटेकोर सोडूनही काहींचं पोट फुगत आणि दुखत राहतं. इटलीतच अशा 109 जणांवर झालेल्या प्रयोगात पाच प्रकारच्या जंतूंचं मिश्रण सहा आठवडे दिल्यावर या तक्रारी कमी झाल्या. पण हे पथ्यासोबत, पथ्याऐवजी नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या 2023 च्या मार्गदर्शिकेत तर सीलिअॅकमध्ये प्रोबायोटिक घ्या किंवा घेऊ नका, यातलं काहीही सांगण्याइतका पुरावा नाही, असं म्हटलं आहे. आणि तक्रारी उरल्या असतील तर कॅप्सूलच्या आधी दोन गोष्टी पाहा. नकळत ग्लुटेन जातंय का? दुधाने त्रास होतोय का? दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे एन्झाइम व्हिलायच्या टोकांवर तयार होतं. ती टोकं झिजलेली असताना दूध पचत नाही, आणि दोष ग्लुटेनवर जातो.

‘नैसर्गिक, म्हणून अपाय शून्य.’ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये जास्त खपाची 22 प्रोबायोटिक उत्पादनं तपासली. 12 मध्ये ग्लुटेन सापडलं. त्यातल्या चारांत ते ‘ग्लुटेन फ्री’साठीच्या 20 पीपीएमच्या मर्यादेपेक्षा जास्त होतं, आणि या चारांपैकी दोनांवर ‘ग्लुटेन फ्री’ छापलेलं होतं. याने घाबरून जाण्याचंही कारण नाही. 20 पीपीएम म्हणजे किलोला 20 मिलिग्रॅम, म्हणून अर्ध्या ग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये तेवढ्या प्रमाणाने 0.01 मिलिग्रॅमच होतं. खरा धोका कॅप्सूलमागोमाग खाल्लेल्या ब्रेडचा आहे. तरी रोज घ्यायची वस्तू त्रयस्थ संस्थेने तपासलेली असावी, आणि घटकांत गव्हाचा स्टार्च किंवा जवाचं माल्ट नसावं.

लेबलवर आणखी एक शब्द शोधा: इन्युलिन, किंवा एफओएस. जंतूंचं खाद्य म्हणून हे अनेक कॅप्सूलमध्ये घालतात. दोन्ही फ्रुक्टन आहेत, म्हणजे लहान आतड्यात न पचणारी कर्बोदकं. 2018 च्या नॉर्वेतल्या प्रयोगात, सीलिअॅक नसलेल्या पण ग्लुटेन सोसत नाही असं सांगणाऱ्या 59 जणांना ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टननेच जास्त त्रास झाला. गव्हातही फ्रुक्टन असतंच. तिसऱ्या गटातल्या माणसाने अशी कॅप्सूल घेतली तर ज्याचा त्रास होतो तेच तो रोज गिळतो.

ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे किंवा ज्यांना मोठ्या शिरेत नळी घातलेली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोबायोटिक घेऊच नये. या जंतूंमुळे, विशेषतः सॅकरोमायसिस बोलार्डी या यीस्टमुळे, अशा माणसांच्या रक्तात संसर्ग झाल्याची उदाहरणं आहेत.

अब्जांचा आकडा एकटा काही सांगत नाही. गुण जंतूच्या नेमक्या उपप्रकारावर असतो, म्हणून नावापुढे त्याचा कोड हवा आणि संख्या एक्स्पायरीच्या तारखेपर्यंतची हवी, बनवतानाची नाही. तरीही घ्यायचंच असेल तर एका वेळी एकच घ्या, चार आठवडे आहारात दुसरा काही बदल करू नका, आणि फरक नाही पडला तर बंद करा.

हा मेसेज वाचून सीलिअॅक असलेल्या कोणी गहू पुन्हा सुरू केला असेल तर आजच थांबवा, डॉक्टरांना सांगा आणि टीटीजी कधी करायची ते ठरवून घ्या. निदानच झालेलं नसेल तर उलट करायचं: गहू खाताना अंगावर पित्त उठणं किंवा धाप लागणं असं काही होत नसेल, तर टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए (आयजीए हा अँटिबॉडीचा एक प्रकार) या रक्ताच्या दोन्ही तपासण्या होईपर्यंत, आणि बायोप्सी सांगितली तर तीही होईपर्यंत, गहू सोडू नका. आधीच सोडला तर अँटिबॉडी उतरते, रिपोर्ट निर्दोष येतो, आणि नेमकं निदान करायला पुन्हा काही आठवडे रोज गहू खावा लागतो.