‘टक्क्यांत सांगा, मंजुरी घ्या’ म्हणणाऱ्यांना

डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘आरोग्य संशोधन अधिकाऱ्यांच्या गळी उतरवण्याची आठ सूत्रं’. खाली कुणाचं नाव नाही, आणि शेवटी ‘दहा सहकाऱ्यांना पाठवा’ आहेच. माझ्यापर्यंत तो भाचीकडून आला. ती इथे नागपुरात पीएसएममध्ये (रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्रात) एमडी करतेय. गर्भवतींच्या तपासणीवरचं काम तिला लवकरच जिल्हा परिषदेत मांडायचंय, आणि या सूत्रांप्रमाणे तिने स्लाइड बदलायलाही घेतल्या होत्या. “मामा, सगळे सिनियर असंच करून राहिले,” म्हणाली. करून राहिले असतील. मी आरोग्य विभागात टेबलाच्या पलीकडे नोकरी केली आहे, म्हणजे ज्यांच्या गळी हे उतरवायचंय त्यांच्या बाजूला. तेव्हा उत्तर माझ्याकडून.

मेसेजचा सगळा जीव पहिल्या सूत्रात आहे: “मूळ आकडे दाखवू नका. हजारात २ ऐवजी १ गुंतागुंत झाली तर ‘५० टक्के घट’ म्हणा. अधिकाऱ्यांना आकडे कळत नाहीत.”

जे खरं आहे ते आधी देऊन टाकतो. ही युक्ती चालते. ती चालते याचा पुरावा १९९५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आलाय. कोणत्या कार्यक्रमाला पैसे द्यायचे हे ठरवणाऱ्या इंग्लंडमधल्या आरोग्य प्राधिकरणांच्या सदस्यांना प्रश्नावली पाठवली होती. स्तनांच्या कर्करोगाची तपासणी आणि हृदयविकारानंतरचं पुनर्वसन, असे दोन विषय. प्रत्येकाचे निष्कर्ष चार तऱ्हांनी मांडले, जणू चार वेगळे कार्यक्रम आहेत: धोका किती टक्क्यांनी घटला, प्रत्यक्षात कितीने घटला, किती टक्के लोक सुखरूप राहिले, आणि एक मृत्यू टाळायला किती जणांना सेवा द्यावी लागते. आकडे चारही ठिकाणी एकाच अभ्यासाचे. तरी ‘धोका इतके टक्के घटला’ असं वाचल्यावर पैसे द्यायची तयारी सर्वांत जास्त दिसली. १४० जणांनी उत्तरं दिली, त्यातल्या फक्त ३ जणांनी ओळखलं की चारही कार्यक्रम एकच आहेत. तिघेही बिगर-कार्यकारी, म्हणजे रोजचा कारभार न पाहणारे सदस्य होते आणि साथरोगशास्त्राचं प्रशिक्षण नाही असं सांगणारे होते. ‘आकडे कळत नाहीत’ हे कुणाबद्दल म्हणायचं, ते मेसेज लिहिणाऱ्याने एकदा ठरवावं.

हा अभ्यास युक्ती शिकवण्यासाठी केलेला नव्हता. निर्णय घेणारा कसा फसतो हे त्यात दाखवलंय. ते वाचून कुणी ‘चला, फसवायची रीत सापडली’ म्हणत असेल, तर त्याला संशोधक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता ते ‘५० टक्के’ गावात उतरवून बघू. एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली साधारण ३०,००० लोकसंख्या, म्हणजे वर्षाला चार-पाचशे बाळंतपणं. हजारात एक गुंतागुंत टळणार, म्हणजे त्या केंद्रात दोन वर्षांत एक. ती एकही मोलाची आहे, कबूल. पण त्याच पैशात रात्रीची अ‍ॅम्ब्युलन्स चालू ठेवून जास्त बायका वाचणार असतील, तर ही तुलना करायचा अधिकार त्या खुर्चीचा आहे. मूळ आकडा लपवला की तो अधिकारच काढून घेतला. शिवाय वर्षाने आढावा बैठकीत कुणीतरी विचारणारच, ‘५० टक्के कुठे गेले?’ तेव्हा उभी राहते ती केंद्रातली मेडिकल ऑफिसर. संशोधक तोवर पुढच्या परिषदेला गेलेला असतो.

टक्क्यांनी माणसांचं नुकसानही होतं. त्याच १९९५ च्या ऑक्टोबरात ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. प्रत्यक्षात सुमारे सात हजार बायकांत एकीच्या जागी दोघी. बायकांनी धसका घेऊन गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. गरोदरपणात गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो, हे त्या ‘दुप्पट’मध्ये कुणाला दिसलं नाही. दुसरं सूत्र ‘थोडी भीती घाला’ असं आहे. त्याचंही उत्तर यातच आलं.

आणि काम खरंच दमदार असेल तर लपवायची गरज काय? उदाहरणासाठी ब्रिटनला जायला नको, आपल्या गडचिरोलीला चला. नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचा प्रयोग १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ३९ गावांत नवजात मृत्यूदर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ५९.६ होता. टक्क्यांत सांगा, हजारी सांगा, नाहीतर ‘ढोबळमानाने तीस बाळांमागे एक वाचलं’ असं सांगा, आकडा कुठूनही पाहिला तरी उभाच राहतो. तरीही देशभर आशा सेविकांमार्फत हा कार्यक्रम सुरू व्हायला २०११ उजाडलं. एका स्लाइडने मंजुरी मिळवून देणाऱ्यांनी ही बारा वर्षं लक्षात घ्यावीत.

आता मेसेजमधली पुढची सूत्रं. “अनिश्चितता सांगू नका, फाईल बंद होते.” फाईल बंद होते ती ‘अजून अभ्यास हवा’ या मोघम वाक्याने. ‘फायदा इतक्यापासून इतक्यापर्यंत असू शकतो, आणि आदिवासी तालुक्यांतले नमुने कमी होते’ असं लिहून पाहा. असं कुणी लिहिलं की आम्ही उलट त्याच्या बाकीच्या आकड्यांवर जास्त विश्वास ठेवायचो.

“सगळं एका पानात.” हे नाइलाजाने अर्धं मान्य. कलेक्टर पन्नास पानं वाचत नाही, वाचूही नयेत. कॅनडातल्या आरोग्य सेवा संशोधन प्रतिष्ठानाने १:३:२५ अशी रीत घालून दिली: मुख्य मुद्द्यांचं एक पान, तीन पानी सारांश, पंचवीस पानी अहवाल. मेसेजवाल्याने त्यातलं १ उचललं आणि बाकीचं गाळलं. ते एक पान वाचून साहेब म्हणतात ‘बाकीचं दाखवा’, तेव्हा काय दाखवणार?

“आकड्यांऐवजी एका रुग्णाची गोष्ट सांगा.” आकड्यांसोबत सांगा, आणि त्या रुग्णाची परवानगी घेऊन. मेळघाटातल्या कुठल्याशा बाळाचा तो एकच फोटो किती विषयांच्या सादरीकरणांत पाहिलाय म्हणून सांगू! त्याच्या आईला कुणी विचारलं होतं का?

“इंग्रजीत मांडा, वजन पडतं.” १९६४ च्या राजभाषा अधिनियमानुसार राज्याचा कारभार मराठीत आहे. टिप्पणी मराठीतच लिहावी लागते. तुम्ही नाही लिहिली तर क्लार्क लिहील, आणि तुमच्या निष्कर्षाचं काय होईल ते त्याच्या हातात.

“थेट मंत्र्यांना गाठा.” हे बहुधा हिवाळी अधिवेशन बघून सुचलेलं दिसतं. डिसेंबरात, मंत्री उतरतात त्या रविभवनाच्या आवारात निवेदनं घेऊन ताटकळणारी डॉक्टर मंडळी मीही पाहिलीत. निवेदनावर ‘योग्य ती कार्यवाही करावी’ असा शेरा पडतो, आणि कागद खाली खाली येत त्याच डीएचओच्या (जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या) टेबलावर पोचतो ज्याला टाळून तुम्ही वर गेला होतात. तोही माणूसच आहे. तुमच्या कागदाला तो घाई करेल, अशी आशा ठेवू नका.

शेवटचं सूत्र: “खर्चाचं बोलू नका, ते त्यांचं काम.” प्रस्ताव हाती आला की आम्ही मागच्या पानापासून वाचायला घ्यायचो. पैसे अंदाजपत्रकातल्या कोणत्या लेखाशीर्षातून? किट कोण पुरवणार? नोंद एएनएम (उपकेंद्रातली परिचारिका) करणार की आशा, आणि आशा करणार असेल तर मोबदला किती? एएनएमच्या टेबलावरच्या रजिस्टरांत आणखी एकाची भर घालताना तिला कुणी विचारलंय का? ही उत्तरं नसलेला प्रस्ताव कितीही ‘५० टक्के’ असला तरी ‘त्रुटी पूर्ण करून सादर करावा’ म्हणून परत जातो. तोवर पीआयपी, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा अंमलबजावणी आराखडा, वर गेलेला असतो आणि पुढची संधी थेट पुढच्या आराखड्यात.