फुकटचा उंदीर

सोसायटीच्या गणपतीच्या मीटिंगमध्ये तोंड उघडू नये, हे बावीस वर्षं त्याच इमारतीत काढल्यावर तरी मला कळायला हवं होतं. जो बोलतो त्याच्याच गळ्यात काम पडतं. गेल्या वर्षी पडदा आणि प्रोजेक्टर भाड्याने आणायचं ठरलं, पण पडद्यावर दाखवायचं काय, यावर गाडं अडलं. तेव्हा मी म्हणालो, "एखादं छोटंसं अ‍ॅनिमेशन करता येईल. बाप्पाचा उंदीर चालत येतो आणि मोदकाच्या ताटापाशी थांबतो. दहाच सेकंदांचं."

त्या "दहाच"वर मी जोर दिला होता. आठवलं की अजून कानशिलं तापतात.

सेक्रेटरींनी विचारलं, "खर्च?"

"शून्य. सॉफ्टवेअर फुकट आहे."

ठराव एकमताने मंजूर. आमच्याकडे एकमताने मंजूर झालेला हा दुसरा ठराव. पहिला टाकी धुण्याचा होता आणि टाकी अजून धुतलेली नाही.

आता माझी पात्रता. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बी ग्रेड, इंटरमिजिएटला सी. वस्तुचित्रात कांदा बरा यायचा, बादलीची कडी मात्र कायम हवेत. स्मरणचित्रात "बसथांब्यावरची रांग" आली, तेव्हा मी सगळी माणसं पाठमोरी काढली होती, कारण मला नाक जमत नव्हतं. त्यानंतर बत्तीस वर्षं लेजर, म्हणजे हिशोबाच्या वह्या. निवृत्तीनंतर मात्र पोस्टर कलरच्या बाटल्यांचा वास पुन्हा आठवायला लागला. पण डोंबिवलीच्या वन बीएचकेत रंग सांडायला जागा नाही, म्हणून मी संगणकाकडे वळलो. तिथे सांडलं तरी पुसावं लागत नाही, अशी माझी समजूत.

सॉफ्टवेअरचं नाव ब्लेंडर. नाव ऐकून बायकोने "आपल्याकडे मिक्सर आहे की" म्हटलं, ते सोडा. त्याची जन्मकथा मात्र मला फार आवडली. टोन रोझेंडाल नावाच्या डच माणसाने ते तयार केलं. पुढे कंपनी बुडाली आणि २००२ साली त्याने लोकांकडे हात पसरले : एक लाख युरो जमवा, मी गुंतवणूकदारांकडून सॉफ्टवेअर सोडवतो आणि सगळ्यांना मोकळं करून देतो. सात आठवड्यांत रक्कम उभी राहिली. सात आठवड्यांत! आमच्याकडे दीडशे घरांकडून वर्गणी काढायला तीन महिने लागतात आणि तरी बी-विंगचा तिसरा मजला उरतोच. तेव्हापासून हे सॉफ्टवेअर कुणालाही फुकट मिळतं. २०२५ साली ऑस्कर मिळवलेला लॅटव्हियाचा मांजराचा अ‍ॅनिमेशनपट यातच केलेला आहे, असं भाच्याने सांगितलं. मी म्हटलं, त्यांचं मांजर होतं, आपला उंदीर आहे. लहानच काम.

उघडल्यावर पडद्यावर एक करडा ठोकळा दिसतो. एक दिवा, एक कॅमेरा आणि मधोमध हा ठोकळा. जगभरचे लोक म्हणे बसल्या बसल्या पहिल्यांदा तो पुसतात आणि मग कामाला लागतात. मी पुसला नाही. फुकट मिळालेली वस्तू टाकून देणं आमच्या पिढीला जमत नाही. तो आठ दिवस मी कोपऱ्यात सरकवून ठेवला होता, पुढेमागे पाट करता येईल म्हणून.

मग तयार आकारांची यादी उघडली. गोल, नळकांडं, शंकू, आणि शेवटी चक्क माकडाचं डोकं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण म्हणतो. तिथपर्यंत पोचायला आपल्याकडे निदान मेहनत तरी करावी लागते. इथे मारुती यादीतच तयार आहे, एक बटण दाबायचा अवकाश.

सुरुवात मोदकापासून केली, कारण त्याला पाय नसतात. कृती अशी : गोल घ्यायचा, डोक्यावरचा बिंदू वर ओढायचा, की बाजूचेही थोडे थोडे वर येतात. मग एकाआड एक उभ्या रेघा निवडून आत दाबायच्या, की कळ्या पडतात. वाचायला दहा सेकंद लागतात. मला अकरा दिवस लागले. इथे सगळा कारभार एकेका अक्षरावर चालतो. जी दाबलं की वस्तू उंदरासारखी माऊसच्या मागे धावते, एस दाबलं की फुगते, आर दाबलं की गरगरते. एकदा बायकोने आतून "गॅस बंद केलात का?" असं विचारलं, मी वळलो, कोपर एचवर पडलं आणि नऊ दिवसांचा मोदक नाहीसा झाला. मी अर्धा तास डोकं धरून बसलो. एच म्हणजे लपव. अल्ट दाबून पुन्हा एच दाबलं की लपलेलं सगळं बाहेर येतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. गॅस चालूच होता, ते लगेच कळलं.

मोदक झाल्यावर मी बायकोला अभिमानाने बोलावलं. ती रत्नागिरीची. तिने चष्मा लावला, वाकली आणि मोजायला लागली.

"सोळा कळ्या? अहो, आमच्याकडे विषम असतात."

सोळाच होणार. सॉफ्टवेअरच्या तयार गोलाला बत्तीस उभ्या फाका असतात, त्याच्या निम्म्या सोळा. डच माणसाला कुठून माहीत असणार रत्नागिरीची रीत! मी गोल बदलून बेचाळीस फाकांचा घेतला आणि एकवीस कळ्या पाडल्या. पुन्हा बोलावलं.

"कळ्या ठीक आहेत. पण हा खायचा आहे की कुंडीवर बसवायचा?"

तिचं बरोबर होतं. मोदक प्लास्टरचा दिसत होता. मी दोन रात्री जागून कारण शोधलं. दूध, मेण, माणसाची त्वचा यांच्यावर पडलेला उजेड तिथूनच परत फिरत नाही. तो जरा आत शिरतो, इकडेतिकडे होतो आणि मग बाहेर येतो. म्हणून त्या वस्तू ओल्या, जिवंत वाटतात. तांदळाच्या उकडीचंही तेच. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये वेगळी सोय आहे, तिचा आकडा वाढवत न्यायचा. मी थोडा जास्त वाढवला, तर मोदकाची मेणबत्ती झाली. कमी केला, की पुन्हा कुंडी. शेवटी खरी उकड बघावी म्हणून मी बायकोला उकड काढायला लावली, खिडकीत नेऊन त्या उकडीचे चौदा फोटो काढले आणि तेच फोटो मोदकाच्या अंगावर चिकटवले. उरलेल्या उकडीचे तिने पाऊण तासात एकवीस मोदक केले. एकाचीही कळी सम नव्हती.

"पारी जाड झालीय तुमची," तिसऱ्या तपासणीला ती म्हणाली. पडद्यावरच्या मोदकाची पारी तिला कशी कळली, हे मी विचारलं नाही. आत सारण नाही, नुसता पोकळ आहे, हे तिला कळू नये एवढीच इच्छा होती.

आता उंदीर. उंदराचं अंग मी स्वस्तातल्या ड्रॉइंग टॅबलेटवर रंगवलं. या वस्तूची गंमत अशी, की हात टेबलावर चालतो आणि रेघ समोर पडद्यावर उमटते. म्हणजे आरशात बघून दुसऱ्याची दाढी करण्यासारखं. पहिल्या आठवड्यात माझ्या सगळ्या रेघा परीक्षेतल्या बादलीच्या कडीसारख्या आल्या. पण रंग चांगला जमला. करडा, पोटाशी किंचित पांढुरका, कानाच्या आत फिकट. इंटरमिजिएटच्या परीक्षकांनी तो उंदीर बघायला हवा होता.

त्याला हलवायचं तर आत हाडं घालावी लागतात. पाठीचा कणा, मांडी, पोटरी, शेपटीची नऊ हाडं, सगळी हाताने बसवायची. मग संगणकाला सांगायचं, की कातडीचा कुठला भाग कुठल्या हाडाबरोबर हलायचा ते तू ठरव. त्याने ठरवलं. मी उजवा मागचा पाय उचलला आणि डावा कान लांबत लांबत पडद्याबाहेर गेला. दुसऱ्यांदा केलं तर त्याने लाल अक्षरांत कळवलं, की एका किंवा अनेक हाडांसाठी तोडगा सापडला नाही. माझ्या गुडघ्याबद्दल डॉक्टरांनीही हेच सांगितलं आहे, पण त्यांनी निदान फी घेऊन सांगितलं.

हाडं बसली, पण मग प्रश्न आला, की उंदीर चालतो कसा? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला. सांगा बरं, पुढचा उजवा पाय उचलला की मागचा कुठला उचलतो? घोड्याचे चारही पाय पळताना एकदम जमिनीवरून सुटतात की नाही, हे कळायला १८७८ साली अमेरिकेत मायब्रिज नावाच्या गृहस्थाला ओळीने कॅमेरे लावावे लागले होते. माझ्याकडे एक मोबाइल होता. स्वयंपाकघरात ओट्याखाली उंदीर येतो, हे घरात सर्वांना माहीत होतं. मी तिथे मोबाइल टेकवला, पोह्यांचे चार दाणे टाकले आणि अंधारात दबा धरून बसलो. रात्री दीड वाजता बायको पाण्याला उठली.

"सापडला का?"

"शू! मारायचा नाहीये. चालताना बघायचाय."

ती पाणी न पिता परत गेली. दुसऱ्या दिवशी तिने बहिणीला फोन लावला आणि दार ओढून घेतलं.

उंदीर आला, पण चालला नाही. तो इथून तिथे नुसता गेला. मधले पाय कॅमेऱ्यात आलेच नाहीत. शेवटी मी अंदाजाने केलं. संगणकाला दोन टोकांच्या जागा दिल्या, की मधलं तो भरतो. पण तो सगळ्यालाच हळू सुरुवात आणि हळू शेवट देतो, त्यामुळे माझा उंदीर तलावाच्या तळाशी चालल्यासारखा डुलायचा. ते सुधारलं, तर पाय आणि अंग यांचा मेळ जाऊन तो ओल्या शहाबादी फरशीवर घसरत यायला लागला. अशा वेळी मला फाळके आठवायचे. १९१३ चा पहिला चित्रपट काढण्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ रोज एकेक चित्र टिपून पडद्यावर दाखवली. वाटाण्याला पाय नसतात. दूरदृष्टी म्हणतात ती ही.

गणेशचतुर्थीला पाच दिवस उरले. उंदीर घसरत का होईना, मोदकापर्यंत पोचत होता. आता शेवटचं काम, म्हणजे रेंडर. एका सेकंदाला चोवीस चित्रं, दहा सेकंदांची दोनशे चाळीस. प्रत्येक चित्रात उजेडाचा किरण कुठे आपटतो, उकडीत किती शिरतो, याचा हिशोब संगणक करतो. माझ्या लॅपटॉपला एका चित्राला सहा मिनिटं लागत होती. हिशोब हा माझा प्रांत : एक हजार चारशे चाळीस मिनिटं, म्हणजे बरोबर चोवीस तास. मी नारळ ठेवून बटण दाबलं. पंखा असा घोंघावायला लागला, की शेजारचे काका "आटाचक्की घेतलीत का?" म्हणून डोकावून गेले. लॅपटॉपवर बायकोने सुकत नसलेला रुमाल टाकला, तो वीस मिनिटांत कडकडीत झाला. भरपावसात घरात तेवढी एकच गोष्ट कोरडी होती.

एकोणिसाव्या तासाला वीज गेली. बॅटरी आधीच मेलेली. एकशे नव्वद चित्रं झाली होती, पण मी ती सुटी न ठेवता थेट एकाच व्हिडिओ फाइलमध्ये भरायला सांगितलं होतं. अर्धवट राहिलेली फाइल उघडतच नाही. सुटी ठेवली असती, तर एकशे एक्याण्णवपासून पुढे जाता आलं असतं. हे सगळीकडे स्पष्ट लिहिलेलं असतं, असं मला नंतर सगळ्यांनी सांगितलं.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मी पेनड्राइव्ह शर्टाच्या आतल्या खिशात घालून बदलापूर लोकलला लटकलो. भाच्याकडे खेळांसाठी घेतलेला तगडा संगणक आहे. जे चित्र माझ्याकडे सहा मिनिटं घ्यायचं, ते तिथे वीस सेकंदांत. ऐंशी मिनिटांत खेळ खलास! मी फाइल दिली, बहिणीच्या हातची भाकरी खाल्ली आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून निघालो. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही निवांत जा. रात्री लावतो, उद्या पाठवतो."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला व्हिडिओ आला. उंदीर गुलाबी होता. मोदक गुलाबी, ताट गुलाबी, पाट गुलाबी. साधा गुलाबी नव्हे. लग्नाच्या मांडवात असतो तसला, डोळ्यांत जाणारा.

मी फोन लावला.

"मामा, फाइल पॅक केली नव्हती का तुम्ही?"

रंगवलेलं अंग आणि उकडीचे फोटो माझ्या लॅपटॉपवरच राहिले होते. चित्र सापडलं नाही की हे सॉफ्टवेअर तिथे भडक गुलाबी रंग भरतं, म्हणजे चूक लगेच लक्षात यावी. फोटो पाठवतो, पुन्हा लाव, असं मी म्हणेपर्यंत मागून ढोलाचा ठोका पडला. भाचा पथकात आहे. त्यानंतर फोन उचलला गेला नाही.

आठ वाजता, आरतीच्या आधी, वर्गणीदारांची यादी आणि केटररची जाहिरात यांच्या मधे माझं अ‍ॅनिमेशन लागलं. दहा सेकंद. चपला शोधायला वाकलेले पहिल्या रांगेतले चौघे त्याला मुकले. गुलाबी उंदीर घसरत आला, गुलाबी मोदकापाशी थांबला आणि पडदा काळा झाला. मी खांबाच्या मागे उभा होतो.

मागून ए-विंगमधल्या काकू म्हणाल्या, "गुलकंदाचा दाखवलाय. हल्ली मिळतात तसले."

टाळ्या पडल्या. बर्‍याच पडल्या. एका लहान मुलाने विचारलं, "त्याने खाल्ला का मोदक?" उंदराचं तोंड उघडायला मला आणखी तीन आठवडे लागले असते, हे मी त्याला सांगितलं नाही.

सेक्रेटरी गर्दीतून वाट काढत आले आणि त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "साहेब, झकास. पुढच्या वर्षी पाच मिनिटांचं करा. खर्च तर काही नाहीच."

पाच मिनिटं म्हणजे सात हजार दोनशे चित्रं. माझ्या लॅपटॉपवर सहा मिनिटांनी गुणलं, तर सातशे वीस तास. अखंड तीस दिवस, वीज न जाता. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बायको प्रसादाचं ताट घेऊन शेजारी येऊन उभी राहिली.

"करतील की," ती म्हणाली. "पण सारण घालायला सांगा त्यांना. पोकळ होता तो."